पोरांची सावड

"ही पोरगी त्या दिवशी शाळेत दिसता कामा नये," असं म्हणून नानासाहेबांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली.

सुभद्राबाईंनी तोंड फिरवलं. आता काय होणार हे त्यांना पाठ होतं. हेडमास्तर दोनदा दणकून शिंकले, टेबलावरच्या पाट्यांवर तुषार उडाले, मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि त्याच सोग्यानं वरची पाटी पुसून जागेवर ठेवून दिली. थोड्या वेळानं पहिलीतलं एखादं पोर त्याच पाटीवर अक्षरं गिरवणार होतं. सुभद्राबाईंना या शाळेत येऊन दोन वर्षं झाली होती, पण या माणसाच्या शिंकेची काही सवय होत नव्हती.

"कुठली पोरगी?" माहीत असूनही त्यांनी विचारलं.

"तुमची ती लाडकी हो. गोजा. तीन वर्षं दुसरीत ठाण मांडून बसलीय. दगड आहे, दगड! आणि तपासणीला येणारा दिपोटीसाहेब असा खट माणूस, की नेमकं ढ पोर हुडकून उभं करतो. गेल्या साली शोभा झाली, ती विसरलात?"

विसरतील कशा? पोरं पास की नापास, हेही तपासणीतच ठरायचं. गेल्या तपासणीत साहेबांनी गोजाला उभं करून पाउणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायला सांगितली होती. पोरगी खिडकीबाहेर बघत उभी राहिली. एक पाऊण पाऊण, एवढंसुद्धा तिच्या तोंडून फुटलं नाही. साहेब गेल्यावर नानासाहेबांनी तिच्या पोटऱ्यांवर छडी मोडली. मोडली म्हणजे खरोखरच मोडली, आणि दुसऱ्या दिवशी तिलाच नवी छडी आणायला ओढ्यावर पाठवलं.

गावाचं नाव सांगत नाही. अजून तिथं माणसं राहतात, उगीच कुणाची बदनामी कशाला? पुनावळ्याहून पायी जाण्यासारखी वाडी होती, एवढं कळलं तरी पुरे. काळ एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासचा. तिकडे पिंपरीला औषधांच्या कारखान्याचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि वाडीतले पुष्कळ बाप्ये पहाटे भाकरी बांधून तिकडे कामाला जात होते. लोकल बोर्डाची शाळा चौथीपर्यंत. मास्तर दोनच. तिसरी-चौथी नानासाहेबांकडे, पहिली-दुसरी सुभद्राबाईंकडे. बाईंचे यजमान रंगराव दापोडीच्या वर्कशॉपात फिटर होते. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. बाई आठवडाभर वाडीत मंजुळाबाईंच्या पडवीत खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारी दापोडीला पळायच्या. सांगण्यासारखं यापलीकडे त्यांच्या आयुष्यात काही नव्हतं.

"मग तिनं काय करायचं त्या दिवशी?" बाईंनी विचारलं.

"सहा-सात पोरं आहेत अशी. त्यांना दौलतराव पाटलांच्या गुऱ्हाळावर पाठवायचं. रस पितील, काकवी चाटतील, खूश होतील बिचारी. आणि त्यांच्या जागी ओढ्यापलीकडच्या शाळेतली पोरं येतील. तिथल्या यशवंतराव मास्तरांशी माझं बोलणं झालंय."

बाईंना आधी उमगलंच नाही. "त्या शाळेतली पोरं आपल्या शाळेत कशी बसतील?"

"कशी म्हणजे? खाली बसतील, मांडी घालून!" नानासाहेब खो खो हसले. "अहो बाई, परवा त्यांची तपासणी झाली तेव्हा आपण नाही का दिली चौथीतली चार पोरं?"

आत्ता कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. परवा चौथीतली चार हुशार पोरं गैरहजर होती आणि नानासाहेबांनी 'लग्नाला गेलीत' म्हणून सांगितलं होतं. शेतकरी सावड करतात, तसलीच ही. आज तुझे बैल माझ्या शेतात, उद्या माझे तुझ्या शेतात. बैलांची ठीक आहे हो, पण पोरांची? आणि तीही शिकवणाऱ्यांनी करावी? बाईंना त्या खोलीत बसवेना.

"आणि नावं?" त्यांनी तरीही विचारलं. "साहेब हजेरी घेतात."

"नावं आपलीच. तिकडच्या दत्तोबाची अंबू येणार आहे दुसरीसाठी. पोपटासारखी बोलते. ती गोजा म्हणून उभी राहील. बाई, तोंड कशाला पाडता? तुमची गोजा पास होईल! तुम्हाला तेच हवंय ना?"

हवं तर तेच होतं. इथेच तर सगळी मेख होती.

गोजाचा बाप लक्ष्मणराव. कमी बोलणारा, शब्दाचा पक्का. दिवाळीनंतर तो शाळेत येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला होता. "बाई, औंदा शेवटचं बगतो. पास झाली तर चौथीपतूर शिकू द्या तिला, मी आडवा येनार न्हाई. न्हाई झाली, तर चाकनला तिच्या मामाकडं धाडतो. त्याची ल्हान पोरं हायेत, ती तरी सांबाळील." एवढं बोलून तो गेला. गोजा दाराआडून ऐकत होती. त्या दिवसापासून ती सर्वांच्या आधी शाळेत यायला लागली.

आणि ती दगड नव्हती. हे बाईंना कळलं होतं, आणि ते कळलेलं या जगात त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत गोजा शाळेमागे काटकीनं जमिनीवर काहीतरी रेखाटत बसली होती. बाई रागवायला म्हणून गेल्या आणि बघतच राहिल्या. पोरीनं मोटेची विहीर काढली होती. चाक, नाडा, पाण्यानं फुगलेली मोट, उतारावर चाललेले दोन बैल. उजवीकडच्या बैलाचं एक शिंग खाली वळलेलं.

"हा पाटलांचा बैल का गं?"

"व्हय. त्यो दुसरा भैरूतात्यांचा. पाटलांचा डावा आजारी हाय न्हवं, म्हून मागून आनलाय."

जी पोरगी दोन ओळींची कविता महिनाभर म्हणून विसरते, तिला बैलाचं शिंग आणि नाड्याचा पीळ बरोबर आठवतो? बाई त्या रात्री विचार करत राहिल्या. ट्रेनिंग कॉलेजात त्यांना सांगितलं होतं, काही मुलांना कानापेक्षा डोळ्यानं लवकर कळतं, त्यांना वस्तू दाखवा, चित्रं दाखवा. परीक्षेत त्यांनी ते लिहिलं होतं आणि गुण घेऊन विसरून गेल्या होत्या. आता दाखवायचं तर शाळेत होतं काय? एक फाटका नकाशा, त्यातला अर्धा हिंदुस्थान वाळवीनं खाल्लेला.

मग बाईंनी स्वतःच्या खर्चानं गेरू आणि चुना आणला आणि वर्गाच्या सारवलेल्या जमिनीवर भाकरी काढायला सुरुवात केली. गोल भाकरी, तिचे चार तुकडे, एक तुकडा कमी. ही पाऊण. अशा दोन काढल्या, तीन काढल्या. गोजा गुडघ्यांवर बसून बघत राहिली. तिचे डोळे असे लकाकत होते, की बाईंचा गेरूचा हात थांबला.

"सात पाऊण किती?" चार दिवसांनी बाईंनी विचारलं.

गोजानं सात भाकऱ्या काढल्या, प्रत्येकीचा एक तुकडा कोरा ठेवला आणि कोऱ्या तुकड्यांवर बोट फिरवत म्हणाली, "सात तुकडं कमी. त्याच्या पावनेदोन भाकरी झाल्या. सातातून त्या गेल्या, तर सव्वापाच."

पाउणकी घोकणाऱ्या एकाही पोराला हे सांगता आलं नसतं. खुद्द नानासाहेबांना तरी आलं असतं का, देव जाणे. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी तिला जवळ ओढलं. हळूहळू अक्षरंही तिला चित्रांसारखी बसली. ती वाचायला लागली, पाटीवर हिशेब करायला लागली. फक्त 'उभी राहा आणि म्हण' म्हटलं, की पुन्हा खिडकीबाहेर बघायची. नानासाहेब एकदा दारात येऊन ते सगळं बघून गेले. "शाळा आहे का रांगोळ्यांचा कारखाना?" असं पोरांसमोरच म्हणाले आणि दाराशेजारच्या भिंतीवर पचकन थुंकले.

"मला तिला साहेबांसमोर उभं करायचंय," आता सुभद्राबाई म्हणाल्या. "तोंडी नको. जमिनीवर करून दाखवेल ती. मी साहेबांना विनंती करते."

नानासाहेबांचं हसू मावळलं. "असं बघा बाई. मी दोन वर्षांत रिटायर होणार. मला जाताना काळा शेरा नको. तुम्हाला विनंती करायची हौसच असेल, तर मीही बोर्डात एक विनंती करीन. मुळशीच्या डोंगरात शाळा आहेत, तिथं बाईमाणूस टिकत नाही म्हणतात. मग दापोडी कुठं, सासूबाई कुठं!" आणि मग एकदम गोड आवाजात, "अहो, पोरगी पास झाली की झालं. पुढं शिकवा हवं तेवढं, मी कुठं नाही म्हणतोय?"

हा माणूस भाजीच्या देठासारखं माणसाला मोडतो आणि वर गोड बोलतो, असं बाईंच्या मनात आलं. त्यांना त्याची इतकी किळस आली, की उठताना त्यांनी पदर सावरून घेतला, त्याच्या टेबलाला लागू नये म्हणून. पण 'नाही' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

त्या रात्री त्यांनी मनाशी हिशेब मांडला. पोरगी त्यांच्या डोळ्यांदेखत चाकणला गेली, तर तिचं शिकणं संपलंच. खोट्यानं का होईना पास झाली, तर आणखी दोन वर्षं मिळतील. मधल्या सुट्टीत शिकवू. शाळा सुटल्यावर शिकवू. पायरी कुजकी असली म्हणून काय झालं, वर जायला मिळाल्याशी कारण. असं त्या स्वतःला समजावत राहिल्या आणि तरी त्यांना झोप लागली नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळपासूनच शाळेच्या मागे चुली पेटल्या. दौलतराव पाटलांनी बोकड दिला होता. लक्ष्मणरावाची बायको छबूबाई इतर बायकांबरोबर भाकऱ्या थापायला आली होती. वाडीला सगळं माहीत होतं. पाटलांनी 'कुणी तोंड उघडायचं न्हाई' म्हणून ताकीद दिली होती आणि नसती दिली तरी कुणी उघडलं नसतं. माहीत नव्हतं ते पिंपरीला कामावर गेलेल्या बाप्यांना.

"तुम्हाला सांगितलं ना नानासाहेबांनी?" बाईंनी छबूबाईला बाजूला घेऊन विचारलं.

"सांगितलं की. व्हईना का बाई, पास झाली म्हंजी गंगेत घोडं न्हालं. पोरगी डोळ्याम्होरं ऱ्हाईल. तुमी बोलू नका काय तिच्या बाला." छबूबाईनं पिठाच्याच हातानं डोळे पुसले.

गोजा मात्र तेल लावून, वेणी घालून, धुतलेलं परकर-पोलकं घालून आली होती. ओच्यात गेरूचा खडा. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाटलांचा गडी ज्योतीराम ढ पोरांना गोळा करायला आला, तेव्हा ती बाईंकडे बघायला लागली.

"जा गं," बाई म्हणाल्या. "आज जा. रस पी."

"आन परीक्षा?"

"ती होईल. तू जा."

त्या तिच्याकडे न बघता फळा पुसत राहिल्या. फळा आधीच स्वच्छ होता.

मग ओढ्यापलीकडची पोरं आली. नानासाहेबांनी त्यांना एका बाजूला घेऊन नावं घोकवली. अंबूच्या गळ्यात चांदीची नवीकोरी सरी होती, कपाळाला गोंदण, लाल फितीच्या दोन वेण्या. "तू कोण?" "गोजा लक्ष्मण." "शाब्बास!" बाईंच्या वर्गात ती गोजाच्या जागी जाऊन मांडी घालून बसली. शेजारच्या पोरांनी अंग चोरून तिला जागा दिली. सात-सात वर्षांची पोरं, पण एकानंही 'ही कोण' म्हणून विचारलं नाही. आपण इतकं मात्र त्यांना नीट शिकवलं, असं बाईंना वाटलं.

दिपोटीसाहेब आले. जाडजूड, घामेजलेले, टोपीखाली रुमाल दाबलेला. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचं नाक वाऱ्याच्या दिशेनं वळलं. रस्सा रटरटत होता. पहिली त्यांनी जांभया देत उरकली. मग दुसरी.

"गोजा लक्ष्मण!"

अंबू टुणकन उठली. "हजर!"

"पाउणकी म्हण."

"एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन," अंबूनं असा सूर लावला, की चुलीजवळच्या बायका डोकावून बघायला लागल्या. कुठे अडली नाही, श्वास घ्यायलाही थांबली नाही.

साहेबांनी डोळे बारीक केले. "या मुलीला मी कुठंतरी पाहिलंय."

"हुशार पोरं सगळी सारखीच दिसतात, साहेब," नानासाहेब म्हणाले.

"हं. बरं, पाऊण म्हणजे किती गं? हातानं दाखव बघू."

अंबू गोंधळली. तिनं हात पुढे केले, मागे घेतले आणि पुन्हा सुरू केलं, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड..."

हीच वेळ होती. साहेब, हे माझ्या गोजाला विचारा! एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी मान वर केली आणि त्यांना खिडकीत गोजा दिसली. पोरगी गुऱ्हाळावरून पळून आली होती. गजांना नाक लावून ती आपल्या जागेवर उभ्या असलेल्या पोरीकडे बघत होती. मग तिनं बाईंकडे बघितलं. नानासाहेबही बाईंकडेच बघत होते.

बाईंनी पुन्हा मान खाली घातली.

"बास, बास. उत्तम," साहेब म्हणाले. "पाठांतर चोख आहे. बाई, वर्ग छान तयार केलात. मात्र जमिनीवर हे कसले डाग? स्वच्छता पाहिजे. पुढच्या वेळी असलं दिसता कामा नये."

खिडकीत आता कुणी नव्हतं.

पुढचं काय सांगायचं? साहेबांनी वाटीमागून वाटी रस्सा ओरपला, मिशा चाटल्या, नळी फोडून आतला मगज चोखला. नानासाहेब पंख्यानं वारा घालत होते. पाटील 'आनखी एक घ्या, तुमाला आमची आन' म्हणून आग्रह करत होते. साहेबांनी पोटावरून हात फिरवून ढेकर दिला आणि त्या ढेकरेबरोबर सगळी शाळा पास झाली. बाईंसाठी पान वाढलेलं होतं. आज एकादशी म्हणून सांगून त्या उठल्या. एकादशी बिकादशी काही नव्हती.

संध्याकाळी त्या खोलीच्या दारात बसल्या होत्या. लक्ष्मणराव पिंपरीहून परस्पर तिकडेच आला. अंगावर सिमेंटची धूळ तशीच, हातात कागदात बांधलेला गूळ. मागे छबूबाई, तिच्या मागे गोजा.

"बाई, वेशीतच कळलं!" एरवी न बोलणारा माणूस आज बोलत सुटला होता. "सायबानं शाब्बासकी दिली म्हनं. आमाला वाटलं व्हतं, पोरगी वाया गेली. तुमी मानूस केलं तिला. घ्या, त्वांड ग्वाड करा." त्यानं गुळाचा मोठा खडा बाईंच्या हातावर ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"मी न्हाई झाले पास," गोजा म्हणाली.

छबूबाईनं तिचा दंड धरला. "गप गं! येडी हाय. सायबाच्या भ्यानं अजून..."

"मी न्हाई झाले. मी तितं न्हवतेच."

लक्ष्मणरावानं बायकोकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि मग बाईंकडे. त्याची नजर अगदी साधी होती. बाई जे सांगतील ते खरं, एवढाच तिचा अर्थ. "बाई, काय म्हनती ही?"

खरं सांगावं तर पोरगी उद्या चाकणला. खोटं सांगावं तर पोरगी समोर उभी. बाईंनी गूळ मुठीत आवळला.

"लाजते आहे ती," त्या म्हणाल्या. "पास झाली. साहेबांनी तिलाच विचारलं."

गोजानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. नानासाहेब शिंकले की बाई स्वतः ज्या नजरेनं बघायच्या, तीच नजर. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत.

बोलून पटवणं गोजाला जमायचं नाही. ती खाली बसली आणि ओच्यातला गेरूचा खडा काढून दारातल्या शहाबादी फरशीवर रेघा ओढायला लागली. खुर्ची. खुर्चीत ढेरपोट्या साहेब. शेजारी हात बांधलेले नानासाहेब. पोरांच्या रांगा. मधोमध एक पोरगी उभी, गळ्यात जाड सरी, कपाळावर तीन ठिपके, दोन वेण्या, वेण्यांना फिती. आणि अगदी कडेला खिडकी, उभे गज, गजांच्या बाहेर एक छोटं डोकं. त्याला एकच वेणी. गोजानं त्या डोक्यावर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर.

लक्ष्मणराव उकिडवा बसला. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण चित्र वाचायला त्याला वेळ लागला नाही.

"ही सरी," तो हळूच म्हणाला. "ही तर दत्तोबानं केली पोरीला. चिंचवडच्या सोनाराकडनं. कामावर आनून दावली व्हती सगळ्यांस्नी." त्यानं मान वर केली. "दत्तोबाची अंबू उभी केली तुमी? माझ्या पोरीच्या नावावर?"

छबूबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"लक्ष्मणराव, मी खोटं बोलले," बाई म्हणाल्या. "पण ती हुशार आहे हो. तिला डोळ्यानं कळतं सगळं. तुम्ही बघितलंत ना आत्ता? तिला येतं. पाऊण, सव्वा, वाचायला, सगळं येतं. शाळेतून काढू नका तिला. तुमच्या पाया पडते."

"बगितलं की," लक्ष्मणराव चित्रावरून नजर न काढता म्हणाला. "हुशारच हाय. मी गाढव, मला इतकी वर्सं कळलं न्हाई. बाई, नापास म्हून न्हाई काडत मी तिला. नापास झाली असती आन तुमी म्हनला असता, की हुशार हाय, तर ठिवली असती. तुमच्या शब्दावर ठिवली असती." तो उठला. "पन जितं लेकराला लपवून दुसऱ्याचं लेकरू उभं करत्यात, आन मास्तरीन बगत बसती, तसल्या ठिकानी काय शिकल वो ती? हे असलंच न्हवं?"

तो बाजूला वळून थुंकला. बाईंवर नव्हे, नानासाहेबांवर नव्हे, नुसताच मातीत. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "चल गं माझे बाय. सकाळी मामाकडं जायाचं."

गोजानं एकदा तरी मागे वळून बघावं म्हणून बाई बघत राहिल्या. ती बापाचं बोट धरून सरळ चालत गेली. वळणावर छबूबाईनं तेवढं वळून बघितलं.

अंधार पडायच्या आधी बाईंनी ते चित्र नीट बघितलं. मधल्या पोरीचं तोंड गोल उघडं होतं, पाउणकी म्हणणारं. साहेबांचं तोंड उघडं, नानासाहेबांचे दात दिसत होते. फळ्याशेजारी लुगड्यातली एक बाई उभी होती. तिच्या तोंडाच्या जागी एक आडवी रेघ होती, बस्स.

मुठीतला गूळ पाघळून बोटांना चिकटला होता. खायचा तर घशाखाली उतरायचा नाही. टाकायचा तर असला गूळ कुणी टाकतं का? तेवढ्यात घरमालकीण मंजुळाबाई दिवा घेऊन बाहेर आल्या.

"बाई, गूळ कशाचा वं? कुनाचं काय झालं?"

"गोजाचा आहे," सुभद्राबाई म्हणाल्या. "गोजा शाळेतून गेली, त्याचा." आणि त्यांनी मूठ उघडून त्यातला थोडा मंजुळाबाईंच्या हातावर ठेवला.